खोडलेला ‘नाही’

खेड्यात जायला डॉक्टर तयार होईनात, तेव्हा सरकारने एक योजना काढली. जुने ड्रेसर आणि कंपाउंडर निवडायचे, सहा महिने एकेका डॉक्टरच्या हाताखाली ठेवायचे, मग डॉक्टरने ‘योग्य’ असं लिहून सही केली की खेड्यातल्या लहान दवाखान्यावर त्यांना एकटं नेमायचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा जाऊन बघेल. ते वाचून मी चिडले. शहरातल्या माणसाला डॉक्टर आणि खेड्यातल्याला ड्रेसर, हा कुठला न्याय, असं मी वरिष्ठांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, “मग तुम्ही जाता का मोर्शीच्या पुढं? क्वार्टर नाही, आणि पाणी विहिरीवरून ओढायचं.” मी आईचं आजारपण पुढं केलं. आई आजारी होती हे खरं, पण ती धडधाकट असती तरी मी गेले असते का, हे मी स्वतःला अजून नीट विचारलेलं नाही.

तेव्हा मी पंचविशीची होते. अमरावतीचीच, वडील वकील. नागपूरला डॉक्टरी शिकत असताना मी पुस्तकांइतकीच पत्रकं लिहिली: वसतिगृहाच्या पाण्यावर, वॉर्डातल्या घाणीवर, देवीच्या लसीवर. पत्रक कसं लिहावं हे मला छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं शिकवलं. एका ओळीत एकच हुकूम द्यायचा. ‘का’ लिहिलं की वाचणारा थांबतो आणि थांबला की कागद खिशात टाकतो. मला ते पटलं होतं आणि जमतही होतं.

डॉक्टर आहे म्हणजे शिकवता येतंच, असं योजनेनं धरलं नव्हतं, हे तिचं नशीब. आम्हाला शिकवायला शिकवण्यासाठी अकोल्याला तीन दिवसांचं शिबिर होतं. एका शाळेच्या वर्गात, सहावीतल्या पोरांच्या बाकांवर, गुडघे अवघडून आम्ही वीसेक डॉक्टर बसलो. मुंबईहून आलेले गृहस्थ विद्वान होते. शिकवताना भाषण करू नये, शिकणाऱ्याला बोलतं करावं, हे त्यांनी पहिल्या दिवशी सकाळपासून चहापर्यंत आणि चहापासून संध्याकाळपर्यंत भाषण करून सांगितलं. बोलतं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला कळलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “काही शंका?” वीस माना हलल्या, नाही म्हणून. त्यात माझीही होती. मी, जी सभेत मंत्र्यालाही अडवून विचारायची. पण शेजारी सगळे माझ्याहून मोठे डॉक्टर बसलेले, आणि मी एकटीच बाई. मूर्ख दिसायची भीती वाटली.

परत आले, तर माझ्या दवाखान्यातलाच ड्रेसर माझ्या वाट्याला आला होता. दवाखाना अमरावतीच्या कडेला, वलगावच्या रस्त्यावर. हा माणूस चाळिशी ओलांडलेला, सतरा वर्षं त्याच टेबलावर मलमपट्टी करणारा. त्याच्याइतक्या हलक्या हातानं गळू कापणारा मी सर्जनांतही पाहिला नव्हता. मोर्शीच्या पुढं जो दवाखाना निघणार होता, तिथून त्याचं गाव दोन कोसांवर. बायको आणि पोरी गावी, शेत गावी, आणि हा सतरा वर्षं दवाखान्यामागच्या खोलीत एकटा. सणावारी जायचा. सही झाली तर रोज संध्याकाळी घरी जेवेल, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी त्याला ‘भाऊ’ म्हणायची, तो मला ‘बाई’. रोज दुपारी रोगी संपले की मी त्याला शिकवायची. समोर नवी वही, शाईची दौत, आणि तोंडात एकच उत्तर.

“समजलं ना भाऊ?”

“हाव जी.”

“टायफॉइडच्या रोग्याला काय खायला द्यायचं नाही, लक्षात आलं?”

“हाव जी बाई.”

मला पहिला महिनाभर वाटलं, माणूस फार हुशार आहे. मग एक दिवस मुद्दाम उलटंसुलटं सांगून पाहिलं, तरी “हाव जी.” मी इथलीच. ‘हाव जी’ म्हणजे ‘ऐकू आलं’, ‘समजलं’ नव्हे, हे मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. आमच्या घरी गडी वडिलांना दिवसभर तेच म्हणायचे.

मी रागावले. म्हटलं, “भाऊ, उद्यापासून रोज तीन गोष्टी मला समजल्या नाहीत, असं तुम्ही मला सांगायचं. तीन. त्याशिवाय उठायचं नाही.”

“हाव जी.”

दुसऱ्या दिवशी वही उघडून तो बसला. “बाई, आज मले तीन गोष्टी नाई समजल्या. एक, थर्मामीटरात पारा काहून भरते, पानी काहून नाई भरत. दोन, बँडेजचा गठ्ठा या खेपीले काहून कमी आला. तिसरी,” तो वहीत बघत राहिला, “तिसरी उद्या सांगितली तं चालन का जी? उद्या चार सांगतो.”

औषधाच्या खिडकीतून कंपाउंडर हसला. तो याच्याच वयाचा, पण निवडीत मागं राहिलेला, म्हणून जरा दुखावलेला. ड्रेसरला चिडवत म्हणाला, “डाक्टरसाहेब, माह्याकडून घेऊन जा ना एक उसनी. मले तं काईच समजत नाई.”

“तू गप ना बावा,” ड्रेसर म्हणाला. “अभ्यास करून राहिलो.”

मीही हसले. पण तो शंकासुद्धा हुकूम म्हणून काढत होता. सतरा वर्षांत डॉक्टरला उलट विचारून टिकलेलं त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं. जे विचारत, त्यांची दुसऱ्या महिन्यात बदली होई. मी सहा महिन्यांत त्याचं काय उलटं करणार होते? अकोल्यात मी काय केलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. आठवून मी काय केलं, तर काहीच नाही. पत्रकासारखं सांगणं चालू ठेवलं, कारण मला दुसरं येत नव्हतं. जखम खोल, तर धनुर्वाताची सुई. घशात पांढरा पडदा, तर गावी ठेवू नका, पाठवा. पोट कडक लागलं, तर रेच, म्हणजे जुलाब, द्यायचा नाही, पाठवा. तो दौतीत टाक बुडवून लिहून घ्यायचा. अक्षर चांगलं होतं.

चौथ्या महिन्यापासून रविवारी सकाळी साधे रोगी त्यानं एकट्यानं पाहावेत, असं योजनेतच लिहिलेलं होतं. अशाच एका रविवारी मी एसटीनं अचलपूरला गेले होते, बाजारात देवीच्या लसीची पत्रकं वाटायला. चांगली वाटली गेली. लोक उभं राहून वाचत होते, मला बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी वलगावची एक बाई बैलगाडीतून आली. तिशीची असेल. गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागेना. पोटावर हात ठेवला तर फळीवर ठेवल्यासारखा. नवरा सांगत होता: शनिवारी बेंबीपाशी दुखत होतं, मग उजवीकडं खाली गेलं. काल इथं आणली होती. काल औषध दिलं.

“काय दिलं?” मी विचारलं.

“एरंडीचं तेल दिलं जी,” ड्रेसर माझ्या मागं उभा होता तो म्हणाला. “पोट कडक होतं.”

तिला मोठ्या दवाखान्यात नेली, पोट उघडलं, आतलं आंत्रपुच्छ, अपेंडिक्स, फुटलेलं होतं. मंगळवारी दुपारी ती गेली. रविवारी आली तेव्हाच कुणी पुढं पाठवली असती, तर बहुधा वाचली असती. ‘बहुधा’ हा शब्द मी प्रामाणिकपणे लिहिते, स्वतःला सोडवायला नाही.

नवरा तिथल्या व्हरांड्यात बसून होता. मला बघून उठला. म्हणाला, “बाई, तेल आमी बरोबर पाजलं ना? अर्धं तिनं थुकलं. म्या पुन्हा पाजाले पायजे होतं काय?”

मी म्हटलं, “तुमचं काही चुकलं नाही.”

“मंग?”

दहा हजार लोकांसाठी मी ओळी लिहिल्या असत्या. या एका माणसापुढं एक वाक्य उभं राहिना. कुणीतरी त्याला हाक मारली, सही करायला, आणि तो गेला.

दवाखान्यात परत येऊन मी ड्रेसरला म्हटलं, “वही आणा.” मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यानं वही आणून पान काढून दिलं. त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: पोट कडक लागलं तर रेच द्यायचा नाही. आणि ‘नाही’वर एक बारीक, सरळ रेघ.

“हे कुणी खोडलं?”

“म्या जी.”

“काहून?” माझ्या तोंडून त्याचाच शब्द निघाला.

त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “बाई, आमच्याकडं पोट कडक म्हन्जे कोठा साफ नाई. दोन दोन दिवस बसून राहते मानूस. त्याले तं जुलाबच देतेत. सतरा वर्षं देऊन राहिलो, सारे डाक्टर देतेत. मले वाटलं, तुमची जीभ घसरली. आता चारचौघांत तुमाले कसं सांगाव? बरं नाई दिसत. म्हून वहीतच नीट करून घेतलं.”

माझा मान राखायला त्यानं ते खोडलं होतं. मी बोटं दाबून दाखवलं असतं, निरोगी पोट असं लागतं, हे असं लागतं, तर कडक कुठलं आणि कसलं हे त्याला एका मिनिटात कळलं असतं. ज्याच्या हाताला गळवातला पू कळतो, त्याला फळीसारखं पोट कळलं नसतं? पण मी त्याच्या हातांना काही शिकवलंच नाही. कानांना हुकूम दिले.

दोन दिवस बसून आम्ही सगळी वही तपासली. अशा आणखी काही रेघा निघाल्या. काही धोक्याच्या, काही बिनमहत्त्वाच्या. आणि दोन ठिकाणी त्याचं बरोबर होतं. एका मुलाच्या औषधाचं माप मी घाईत दुप्पट सांगितलं होतं, ते त्यानं गुपचूप निम्मं केलं होतं. म्हणजे माझी जीभ खरोखरच घसरत होती, आणि त्यानं सांभाळून घेतली होती. त्यातूनच त्याला पुढची हिंमत आली असणार. हे कळल्यावर मला त्याच्यावर धड रागही धरता येईना.

मी चार पानी निवेदन लिहिलं. चूक ड्रेसरची नाही, शिकवणारीची आहे, अकोल्याच्या शिबिराची आहे, योजनेची आहे. आयुष्यात एवढं चांगलं मी काही लिहिलं नव्हतं. वरिष्ठांनी ते उभं राहून वाचलं, चष्मा काढला.

“भाषा छान आहे,” ते म्हणाले. “पण बाई, याचं मी काय करू? तुम्हाला काढलं तर तो दवाखाना बंद पडेल. त्याला काढलं तर ड्रेसर कुठला आणू?” मग जरा हळू: “अहवालात रोगी उशिरा आणला, असं लिहिलं आहे. ते खोटंही नाही.”

“ती रविवारी आली होती.”

“दुखायला लागलं शनिवारी ना?”

ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मी भांडले असते.

सहा महिने भरले. तो छापील फॉर्म त्यानंच भरून आणला. नाव, गाव, नोकरीची वर्षं. खाली दोनच शब्द, योग्य आणि अयोग्य, त्यातला नको तो खोडायचा. मी वरिष्ठांकडं आणखी सहा महिने मागितले होते. योजनेत तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं होतं. आता यापुढं तो कडक पोटावर चुकणार नाही, हे मला माहीत होतं. साऱ्या जिल्ह्यात त्याच्याइतकं ते कुणी शिकलं नसेल. पण जे मी शिकवलंच नाही, आणि जे त्यानं कधीच विचारलं नसतं, त्याचं काय? तिथं गाडी अडली, पूर आला, तर मागं कुणी नाही.

तो टेबलापाशी उभा होता. कंपाउंडरनं खिडकी लावून घेतली होती. त्या दिवशी त्यानं एकही टोमणा मारला नाही.

मी ‘योग्य’ खोडलं आणि खाली सही केली. त्यानं उलट्या बाजूनं वाचलं. टीपकागद त्याच्याच हाताशी होता, तो त्यानं माझ्या सहीवर नीट दाबला.

“मंग तिथं कोन जाईन जी?” त्यानं विचारलं.

“मला माहीत नाही, भाऊ.”

दोन महिन्यांनी तिथं एक जण गेला. तरुण आहे, यवतमाळकडचा, दुसऱ्या एका डॉक्टरनं त्याला योग्य ठरवलं. कसा आहे, ठाऊक नाही. माझा ड्रेसर त्याच टेबलावर मलमपट्टी करतो, सणावारी गावी जातो. एसटी त्या दवाखान्यावरूनच जाते. परत आला की बायकोनं दिलेली संत्री माझ्या टेबलावर ठेवतो, आणि हात धुवून कामाला लागतो.