बोरस्ते शेठचा पायगुण

“मिस गायधनी, थांबवा ते! अहो, थांबवा!”

देवधर साहेब ओरडत होते आणि मशीन थांबत नव्हतं. तांब्याची तार सरसर येत होती, बॉबिन केव्हाच भरली होती, आणि आता वेढ्यांवर वेढे चढून खाली फरशीवर उड्या मारत होते. शेवटी पगारेने मेन स्विचवर झडप घातली. शेडमध्ये एकदम शांतता झाली. समोर आमचे पहिलेवहिले गिऱ्हाईक बोरस्ते शेठ उभे होते. गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर हसू, आणि चपलेत अडकलेली तार.

“पळतंय तर लय जोरात,” ते म्हणाले. “पण थांबत नाय का हे?”

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातपूरला आमचा कंट्रोल पॅनेल बनवणारा कारखाना होता. त्याच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून ‘इलेक्ट्रॉनिक्स सेल’ उघडला होता. नाव भारदस्त, माणसं दोन. हार्डवेअर पगारे, सॉफ्टवेअर मी. त्याआधी मी ड्रॉइंग सेक्शनला होते. दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्याच रेघा पुन्हा काढायच्या, हे माझं काम. प्रोग्रॅमिंग शिकायला कोण तयार आहे, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी एक नाही, दोन्ही हात वर केले होते.

आमचे साहेब देवधर. पक्के मेकॅनिकल इंजिनिअर, मनाने लोण्यासारखे, आणि देवभक्त. जे हातोडीने ठोकता येत नाही त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे, पण आमच्यावर होता.

आम्ही बनवलं होतं वाइंडिंग मशीन. पंपाच्या मोटरमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिला ठरलेले वेढे द्यावे लागतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. कारागीर हाताने वेढे देताना मोजत असतो, तेवढ्यात कोणी ‘चहा घेणार का’ विचारलं की मोजणी गेली. आमच्या मशीनमध्ये मोजायला मायक्रोप्रोसेसर होता. वेढे पुरे झाले की मोटर बंद. निदान कागदावर तरी.

आता हा प्रोसेसर आत काय करतोय ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी ‘मॉनिटर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो बोर्डवरच एका चिपमध्ये राहतो. बोर्डला केबलने टर्मिनल जोडायचा, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड. मग मॉनिटरला सांगता येतं, मुख्य प्रोग्रॅम अमुक ठिकाणी आला की त्याला अडव आणि मला दाखव. या अडवण्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. चोर सापडेना की नाक्यावर नाकाबंदी लावतात, तसंच.

हा मॉनिटर बोलता करताना आमची दमछाक झाली. आधी स्क्रीनवर काहीच येईना. केबलमध्ये दोन्ही बाजूंच्या बोलायच्या तारा एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि ऐकायच्या तारेला ऐकायची. लग्नाच्या बैठकीसारखं झालं होतं, दोन्ही पक्ष बोलतायत आणि ऐकत कोणीच नाही. तारा उलटसुलट केल्या तर स्क्रीनभर किडे-मुंग्या उमटल्या, कारण एकाचा वेग वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. वेग जुळवला, रीसेटचं बटण दाबलं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चांदणी उमटली. म्हणजे मॉनिटर म्हणत होता, “बोला, काय हुकूम?”

मी किंचाळलेच. पगारेने जोरात माझा हात हातात घेऊन हलवला, मग लाजून स्वतःचा हात पँटला पुसला. साहेब धावत आले.

“काय झालं? शॉक बसला?”

“साहेब, चांदणी!”

त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिला. “एवढीच?” म्हणाले, आणि तरीही सगळ्यांसाठी जिलबी मागवली.

प्रोग्रॅम तयार झाला, एका दुसऱ्या चिपमध्ये भरला, आणि चाचण्या झाल्या. प्रत्येक कॉइल बरोबर, वेढ्याचाही फरक नाही. साहेब इतके खूश झाले की त्यांनी कंट्रोल बॉक्सचं पत्र्याचं झाकण काढून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं बसवायला लावलं. “गिऱ्हाइकाला मेंदू दिसला पाहिजे,” म्हणाले. डेमोला टर्मिनल जोडायला मात्र त्यांनी साफ मनाई केली. “मुलगी दाखवताना शेजारी डॉक्टर उभा करतात का?”

आणि त्या डेमोतच ती तार फरशीवर आली.

दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा शहाण्यासारखं चाललं. मी म्हटलं, हार्डवेअर. पगारे म्हणाला, सॉफ्टवेअर. आमच्या धंद्यात ही पहिली प्रार्थनाच असते. मी चिप काढून आतला प्रोग्रॅम मूळ प्रोग्रॅमशी ताडून पाहिला. अक्षराचा फरक नव्हता. पगारेने पॉवर सप्लाय तपासला, दिसेल तिथे कपॅसिटर लावले. दिवसभर मशीन चालवलं. चूक म्हणून होईना.

बोरस्ते शेठ दुसऱ्यांदा आले. पिंपळगावला त्यांचा पंपांचा कारखाना होता. मस्कतच्या मेहुण्याने नुकताच कॅमेरा आणून दिलेला, त्यामुळे भेटेल त्याचे फोटो काढत होते. गेटवरच्या वॉचमनचा काढला, चहाच्या किटलीचा काढला, साहेबांचा तर टेबलाशी बसवून काढला. मशीन सुरू झालं. कॉइल सुरेख भरू लागली. शेठ खुशीत पुढे सरकले, आणि मशीन वेडं झालं. पुन्हा तार, पुन्हा पगारेची झडप.

आता शेडमध्ये कुजबूज सुरू झाली. बोरस्ते शेठचा पायगुणच वाईट. ते नसले की मशीन गुणी बाळ, ते आले की अंगात येतं. मी हसण्यावारी नेलं. पण पगारे, जो एरवी असल्या गोष्टींची यथेच्छ टर उडवायचा, तोसुद्धा हळूच म्हणाला, “गायधनी, मी मानत नाही. पण आकडे तसंच सांगतायत.”

कारखान्याच्या मालकांनी आम्हाला बोलावलं.

“देवधर, तिसरा डेमो मी स्वतः बघणार,” ते म्हणाले. “या वेळी फसलं तर सेल बंद. पगारे रिले पॅनेलला जातील, आणि या बाई परत ड्रॉइंगला.”

परत ट्रेसिंग पेपर! दुसऱ्याच्या रेघा! मला त्या चांदणीचं वेड लागलं होतं हो. सकाळी गंगापूर रोडवरून सायकल मारत कामावर येताना मी गाणी म्हणायचे, इतकी मी त्या कामात सुखी होते.

“साहेब,” मी देवधरांना म्हटलं, “या वेळी टर्मिनल जोडणार. डॉक्टर शेजारी उभा राहणारच.”

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले.

बोरस्ते शेठ तिसऱ्यांदा येतील याची आम्हाला खात्री नव्हती. पण फोनवर ते म्हणाले, “येतो ना! सोयरीक जुळवायची तर तीन खेपा व्हत्यातच.”

नाकाबंदी कुठे लावायची, हा प्रश्न होता. प्रोग्रॅम नेमका कुठे वाट चुकतो हेच ठाऊक नव्हतं. तेव्हा मी वेगळा सापळा लावला. आमच्या प्रोसेसरला एक हुकूम असा आहे, की तो आला की हातातलं काम टाकून थेट मॉनिटरकडे पळायचं. त्या हुकमाचा कोड एफ-एफ. आमच्या प्रोग्रॅममध्ये तो कुठेच नव्हता. मी मॉनिटरला शिकवून ठेवलं, कोणी एफ-एफ म्हणत तुझ्या दारात आला तर तो कुठून आला ते स्क्रीनवर लिही.

डेमोचा दिवस. मालक हाताची घडी घालून उभे. साहेब ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते, बहुधा अथर्वशीर्ष. पगारे मेन स्विचला चिकटून. शेठ आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि मशीन सुरू झालं. कॉइल भरत गेली. शेठ पुढे सरकले. लख्ख उजेड पडला, आणि तार फरशीवर!

पगारेने स्विच पाडला. मालक वळून दाराकडे निघालेसुद्धा. पण बोर्डाचा सप्लाय वेगळा असल्याने माझा स्क्रीन जिवंत होता, आणि त्यावर एक ओळ आली होती. अमुक पत्ता, हुकूम एफ-एफ.

मी मॉनिटरला विचारलं, त्या पत्त्यावर आत्ता काय आहे? त्याने दाखवलं. योग्य तोच हुकूम. एफ-एफ नव्हेच. म्हणजे क्षणभर तिथे एफ-एफ होता आणि लगेच नव्हता.

आता एफ-एफ हा कोड आणखी एका ठिकाणी भेटतो. आमचा प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये राहतो तिला ईप्रॉम म्हणतात. तिच्या पाठीवर काचेची एक गोल खिडकी असते. खिडकीतून खास प्रकारचा प्रखर प्रकाश सोडला की आतलं सगळं पुसलं जातं. आणि पुसलेली, कोरी चिप वाचली तर सगळीकडे एकच दिसतं, एफ-एफ. माझी चिप पुसली नव्हती, पण क्षणभर दिपून कोरी दिसली होती. प्रकाशाने! आणि प्रोसेसर मोजणी टाकून मॉनिटरकडे पळाला होता, मोटर चालूच ठेवून.

मागे शेठच्या कॅमेऱ्यातून बारीक ‘चुंईं’ असा आवाज येत होता. फ्लॅश पुन्हा भरत होता.

मला हसू फुटलं. मालकांसमोर, भर शेडमध्ये, डोळ्यात पाणी येईपर्यंत मी हसत सुटले. साहेबांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

“शेठ,” मी कसंबसं म्हटलं, “अजून एक फोटो काढा ना.”

“काढतो की! तुमचा?”

“मेंदूचा.”

मशीन सुरू केलं. फ्लॅश पडला. तार फरशीवर. स्क्रीनवर नवा पत्ता, हुकूम तोच, एफ-एफ.

“पण या खिडकीवर काळी टेप असते!” पगारे ओरडला. “मी स्वतः लावली होती!”

होती खरी. पहिल्या डेमोच्या आधी, खंडेनवमीला साहेबांनी सगळ्या यंत्रांची साग्रसंगीत पूजा केली होती. मी तेव्हा मुंबईला सुटे भाग आणायला गेले होते. पूजेला काळं चालत नाही, म्हणून साहेबांनी नखाने दोन्ही चिपांवरच्या टेपा खरवडून काढल्या होत्या. आल्यावर मी टेपा निघालेल्या पाहिल्याही, पण ऊन लागून चिप पुसायला कित्येक दिवस लागतात आणि शेडमध्ये ऊन कुठलं, असं म्हणून सोडून दिलं. फ्लॅशचा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

“मग मॉनिटरची चिप कशी वाचली?” पगारेने वाकून पाहिलं आणि तोही खो खो हसायला लागला. साहेबांनी पूजेत पहिल्या, म्हणजे मॉनिटरच्या चिपला ओल्या कुंकवाचा भरघोस टिळा लावला होता. नेमका खिडकीवर. तो वाळून घट्ट बसला होता.

“म्हणजे माझ्या कुंकवाने वाचवलं!” साहेब उजळले.

“साहेब, टेप काढली कोणी?”

“ते सोडा हो.”

मालक परत येऊन उभे राहिले. “आता चालेल का हे, एवढंच सांगा.”

काळी टेप स्टोअरमध्ये, आणि स्टोअरकीपर जेवायला गेलेला. मालकांना थांबवायची माझी हिंमत नव्हती. मी कपाळावरची टिकली काढली, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे चांगली मोठी, मरून, मखमली, आणि चिपच्या खिडकीवर दाबून बसवली. बरोब्बर बसली.

“शेठ, काढा फोटो. हवे तेवढे.”

फ्लॅश पडला. मशीन चालू. पुन्हा पडला. मशीन चालू. शेठला चेव आला, ते चारी बाजूंनी फोटो काढत सुटले, आणि मशीन कोणाची पर्वा न करता वेढे मोजत राहिलं. मग खट्ट आवाज होऊन आपलं आपण थांबलं. पगारेने वेढे मोजले. मान डोलावली.

“जमली सोयरीक,” शेठ म्हणाले. “पण ताई, माझ्या सगळ्या मशीनला टिकलीच लावा बरं का. टेप नको.”

मालक जाताना पार्टिशनवर बोट वाजवून म्हणाले, “देवधर, यांना जागा कमी पडतेय. हे जरा पुढे सरकवा.” मला तिथेच रडू आलं, आनंदाने.

पुढे मी मॉनिटरला शिकवलं, कोणी एफ-एफ म्हणत आला तर आधी मोटर बंद कर, मग चौकशी कर. पर्चेसला ‘टिकल्या, मोठ्या, मरून’ अशी मागणी गेली, तेव्हा तिथल्या हेडक्लार्कने साहेबांना एकांतात बोलावून घेतलं, तो भाग वेगळा.

शेठने त्या दिवसाचा एक फोटो फ्रेम करून पाठवला. तो अजून माझ्या भिंतीवर आहे. त्यात साहेब हात जोडून उभे आहेत, मी मोकळ्या कपाळाने तोंडभर हसतेय, आणि मशीन उत्तम चाललेलं असूनही पगारेचा हात मेन स्विचवर आहे. नवीन इंजिनिअर घरी आले की मी त्यांना तो दाखवते आणि एवढंच सांगते. कोणाच्या पायगुणाला नावं ठेवण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघावं.