पाण्याची टाकी तिथे नव्हतीच

जगात पाट्या वाचणारे लोक पुष्कळ असतील, पण पाट्या तपासणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमच्या घरमालकीणताईंचे वडील. नेब्रास्कातल्या या छोट्या गावात मी कॉलेजला आले, तेव्हा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असलेल्या ताईंनी मला तळघरातली खोली दिली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांचे वडील भुसावळहून सहा महिन्यांसाठी आले. मी त्यांना काका म्हणते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणावर काही लिहायचं म्हटलं की आपला तेवढा अधिकार आहे का, असं वाटत राहतं. पण काकांबद्दल न लिहिणं मला जास्त अवघड जाईल.

हे गाव रेल्वेने वसवलेलं. आधी रूळ आले, मग माणसं. म्हणून जागोजागी इतिहास सांगणाऱ्या लोखंडी पाट्या: इथे पहिली खाणावळ होती, इथे गुरं गाडीत चढवत, इथे पहिली गोळी सुटली. गावकरी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काका मात्र रोज सकाळी खिशात वही आणि मोजायची टेप घालून ड्यूटीवर निघाल्यासारखे निघत. चाळीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर इन्स्पेक्टर होते ते. पाटीसमोर आले की बूट काढत. "अगं, कोण कोण राबून मेलंय इथे, आपल्याला काय माहीत?" मग सगळा मजकूर मोठ्याने वाचत आणि शेरा मारत. गोळीच्या पाटीपुढे म्हणाले, "सुटली म्हणतात, लागली कुणाला ते नाही. अर्धवट रिपोर्ट." एकदा रुळांजवळ नुसतेच बूट दिसले म्हणून कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस धावत आले, तर काका वीस पावलांवर अनवाणी, जमिनीला कान लावून बसलेले. पोलिसाने घाबरत विचारलं, "सर, आर यू ओके?" काका म्हणाले, "आय ॲम ओके. युवर ट्रॅक इज नॉट ओके." आणि त्यांनी त्याला एक सैल झालेला बोल्ट दाखवला. पुढच्या आठवड्यात रेल्वेची माणसं येऊन तो आवळून गेली. काकांनी वहीत बरोबरची खूण केली.

सप्टेंबरात गावच्या इतिहास मंडळाने नवी पाटी ठरवली. वाफेच्या इंजिनांना पाणी देणारी टाकी जिथे उभी होती, ती जागा दाखवणारी. जागा निवडली होती जुन्या फलाटाच्या बरोबर मधोमध, गाड्या पार्क करायला सोयीची. काका ती बघून आले आणि जेवलेच नाहीत. "टाकी इथे नव्हतीच! अगं, इंजिन गाडीच्या पुढे असतं की मध्ये? मधोमध टाकी असती तर पाणी डब्यातल्या बायकांच्या डोक्यावर पडलं असतं!"

"बाबा, प्लीज. इथे लोकांच्या मीटिंगमध्ये जाऊन कोणी असं आर्ग्यू करत नाही. आणि तुमचं तिकीट तीन आठवड्यांवर आलंय," ताई म्हणाल्या.

"आर्ग्यू कसलं? इन्स्पेक्शन रिपोर्ट देतोय. एकदा लोखंडात चूक ओतली की ती शंभर वर्षं खरी होऊन बसते." काका माझ्याकडे वळले. "रिपोर्ट तू वाचायचा. माझं इंग्रजी त्यांना कळत नाही, आणि त्यांचं मला."

मी वर्गात हातसुद्धा वर करत नाही. पण काकांनी रिपोर्ट पाठकोऱ्या कागदांवर इतक्या सुंदर अक्षरात लिहिला होता की नाही म्हणवेना.

मीटिंग दुपारी वाचनालयात होती. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे एक उंच, निवृत्त शाळामास्तरीणबाई. फलाट किती पावलं, गाडी किती लांब, म्हणून इंजिन कुठे थांबणार, हे सगळं मी वाचलं. शेवटचं वाक्य होतं: "फलाटाच्या पश्चिम टोकापासून साठ पावलांवर खणावे. इंजिनांचा जळका कोळसा आणि टाकीच्या पायाचे घडीव दगड न निघाल्यास मी माफी मागून भारतात परत जाईन." कुणीतरी हळूच म्हणालं, पाटी परवा ओतायला जाणार आहे. बाईंनी चष्मा काढला. "मग आजच बघू या," त्या म्हणाल्या आणि गाडीतून फावडं काढून आणलं.

साठ पावलं काकांनीच मोजली. पहिल्या फावड्याला गवत, दुसऱ्याला माती. ताई दवाखान्याचा कोट न काढताच धावत आल्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तिसऱ्या फावड्याला जमीन काळी झाली. जळक्या कोळशाचे खडे भसाभस वर आले, आणि मग फावडं खणकन वाजलं. दगड! छिन्नीच्या खुणा असलेला, चौकोनी. मंडळातली सगळी म्हातारी माणसं शाळकरी पोरांसारखी ओरडली. बाईंनी काकांचा हात धरून वर उचलला. ताई रडत होत्या आणि म्हणत होत्या, "बाबा, यू आर इम्पॉसिबल!" काकांनी शांतपणे बाईंना सांगितलं, "मॅडम, प्लीज करेक्ट द ड्रॉइंग."

पाटी ओतून यायला मात्र वेळ लागला. ती त्या साठ पावलांवरच्या जागी बसली तेव्हा काकांचा व्हिसा संपून ते भुसावळला पोचले होते. इथे सकाळ होती, तिकडे दिवेलागण होऊन गेली होती. मी काकांना व्हिडिओ कॉल लावून फोन पाटीसमोर धरला. पाटीवर कुठेही त्यांचं नाव नाही. त्यांनी ते शोधलंही नाही. एवढ्यात मालगाडी आली. इथे आता कुठलीच गाडी थांबत नाही, तीही थांबणार नव्हती. पण क्षणभर तिचं इंजिन बरोबर पाटीच्या समोर होतं, आणि फोनमध्ये काका अगदी हळू म्हणाले, "हं. इथेच." मग डब्यांमागून डबे जात राहिले. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी ना त्यांनी फोन ठेवला, ना मी.