नाचाचं आवतन

माझ्या नणंदेला सगळं बीदर अक्का म्हणायचं. खरं नाव सरस्वतीबाई, पण ते फक्त रेशनकार्डावर. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिले सहा महिने मला त्यांची भीती वाटायची, आणि नंतरची सगळी वर्षं त्यांच्यावाचून करमायचं नाही. भाजीवाल्याशी त्या उर्दूत भांडायच्या, दूधवालीशी कानडीत आणि देवाशी मराठीत. तिघंही शेवटी त्यांचंच ऐकायची. देव जरा उशिरा.

त्यांना मुडबीच्या चांगल्या घरात दिलं होतं. त्यांच्या एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या, त्या कायमच्या. पाठोपाठ आई गेली. मग दोन्ही धाकट्या भावांचं न्हाणं-खाणं, शाळा, लग्नं सगळं अक्कांनीच केलं. त्यातले थोरले बंडोपंत तहसील कचेरीत, धाकटे गुरुराज म्हणजे आमचे हे. बंडोपंतांची बायको मालती, माझी जाऊबाई, कन्याशाळेत मास्तरीण होती. मी धाकटी, म्हणून अक्का मला 'धाकटे' अशीच हाक मारायच्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

स्वयंपाकघरात अक्कांचं राज्य. सणावाराला ओसरीवर बायका जमल्या, हळदीकुंकू सुरू झालं, की त्या आत पुरण वाटत बसायच्या. विधवा बाईनं अशा वेळी पुढं येऊ नये अशी रीत. त्यांनी ती कधी मोडली नाही, आणि आम्हीही त्यावर कधी बोललो नाही. ज्याच्यावर रोज पाय पडतो तो दगड दिसत नाही, तसं झालं होतं.

मैसूरचं कर्नाटक होऊन जेमतेम वर्ष झालं असेल. गावातल्या कलाप्रेमी मंडळानं त्या हिवाळ्यात नृत्याचा हंगाम जाहीर केला. खूळ मुळात आमच्या जाऊबाईंचं. ट्रेनिंगला हैदराबादेला गेल्या तेव्हा त्यांनी तिथं नव्या पद्धतीचा नाच पाहिला, आणि परत आल्या त्या डोक्यात वारं भरूनच. पौषापासून चैत्रापर्यंत महिन्याला एक कार्यक्रम ठरला. पहिला बंगळूरच्या एका बाईंचा, पुढचे हैदराबादचे, पुण्याचे, आणि शेवटी पुन्हा बंगळूरचे कुणीतरी. नवी पद्धत म्हणजे कृष्ण नाही, राधा नाही, पायात घुंगरूसुद्धा नाहीत.

"मग हाय तरी काय त्यात?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"अंग," जाऊबाई म्हणाल्या.

ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

मंडळाचे अध्यक्ष वीरभद्रप्पा, डाळीचे व्यापारी, माणूस भला पण सावध. त्यांनी जाऊबाईंना स्वच्छ सांगितलं, "बाई, पहिल्या नाचाला बायका आल्या न्हाईत तर पुढचे तीन बंद. नुसते गडीच बसून शिट्ट्या मारायले, तर बंगळूरपतुर आपलं नाव निघंल."

आता आली का पंचाईत! आमच्याकडं नाच म्हटलं की घरंदाज बाई पदर तोंडाशी नेते. मंडळानं कानडी, मराठी आणि उर्दूत पत्रकं छापली. ती घरोघर गेली आणि घरोघर पुड्या बांधायला कामी आली. छापील कागदाला आमच्याकडं आवतन म्हणत नाहीत. दारात येऊन कपाळाला बोट टेकवलं, हातावर अक्षता ठेवल्या, तर ते आवतन. आणि तसं आवतन मोडणं हा अपशकुन. जाऊबाईंच्या हे बरोबर ध्यानात आलं. संक्रांतीचे दिवस होतेच. त्यांनी करंडा काढला आणि मला बरोबर घेऊन निघाल्या.

आम्ही गल्ल्यांमागून गल्ल्या पालथ्या घातल्या. मराठी घरात मराठी, लिंगायत घरात कानडी, शेजारच्या मुसलमान घरी कुंकवाऐवजी अत्तराचं बोट. "रविवारी सांजच्याला सभागृहात यायचं. हळदीकुंकू हाय आन् नाच हाय." कुंकू आधी लागायचं, नाच नंतर कानावर पडायचा. तोवर नाही म्हणायची सोय उरलेली नसायची.

इकडं घरी अक्का तांदूळ निवडता निवडता रोज नवा प्रश्न काढायच्या. "अनवाणी नाचती का गं? एकटीच हाय का संगट कोण हाय? पाय टाकताना टाच आधी टेकती का चवडा?" जाऊबाई जमेल तसं करून दाखवायच्या आणि अक्का मान वाकडी करून बघायच्या. "न्हाई, तसं नसंल. टाचच आधी टेकत असंल. तू तोल सोडायलीस." अक्कांना तो नाच बघायचा होता. त्यांनी ते कधी म्हटलं नाही, पण आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेवटचं घर करून आम्ही आलो तेव्हा जाऊबाई नुसत्या फुलल्या होत्या. "एक बी घर न्हाई म्हणलं न्हाई!"

माझी जीभ लांब, ती वळवळली. "मग अक्कांना कवा देणार आवतन?"

चुलीपुढून अक्काच म्हणाल्या, "मला कामून? मी घर बघते की. समद्या गेल्यावर मांजर दुधाला लागंल."

जाऊबाईंनी करंडा खाली ठेवला. प्रत्येक घरात आम्ही सवाष्णींच्या कपाळाला बोट लावलं होतं, आणि प्रत्येक घरात आतल्या दाराशी मोकळ्या कपाळाचं कुणीतरी उभं होतं. कमठाण्याची नागूबाई, भावाच्या घरी राहणारी. गवंडीगल्लीतली चन्नम्मा. त्यांच्याकडं पाहून आम्ही हसलो होतो आणि पुढच्या घरी गेलो होतो. सगळ्या गावाला नाच दाखवायला निघालेल्या बाईनं ज्यांना तो सगळ्यांत आधी दाखवायचा त्यांनाच रीतसर वगळलं होतं. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी आता फिरून जाते. त्यांना बी सांगते."

"काय सांगशील?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "आमाला निरोप येतोय मालती, आवतन येत न्हाई. द्यायची रीतच न्हाई."

जाऊबाई मास्तरीण खऱ्या. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "अक्का, नागपंचमीच्या फेरात पोरीला घेताना कुंकू लावतेत का?"

"न्हाई की. हात धरून वढतेत."

"मग तसंच करायचं. पण मी न्हाई. तुमी."

 त्यानंतर दोन दिवस अक्का भाकरी इतक्या जोरात थापायच्या की शेजारी ऐकू जावं. तिसऱ्या दिवशी दुपारी पदर घट्ट खोचून माझ्यापुढं उभ्या राहिल्या. "धाकटे, चल. नागूबाईपतुर जाऊ. तिथनं मागं फिरू."

नागूबाई परसात तुरी पाखडत होती. अक्का सरळ आत गेल्या आणि तिचा हात धरला. नागूबाईच्या हातून सूप पडलं. चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं गं?"

विधवा बाई दुसरीच्या दारी भरदुपारी जाते ती मयतीचं सांगायला, एवढंच तिला माहीत.

"कुणी न्हाई गेलं," अक्का म्हणाल्या. "नाच हाय. रविवारी. चल माझ्यासंगं."

नागूबाई आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. आम्ही तिथून मागं फिरलो नाही. चन्नम्माकडं गेलो, तिच्या पुढच्या घरी गेलो, आणि दर दारी तोच प्रश्न, कोण गेलं? तिसऱ्या घरापासून अक्काच दारातून ओरडायला लागल्या, "कुणी मेलं न्हाई गं, भिऊ नको!"

रविवारी सभागृहाच्या दाराशी मी आणि जाऊबाई करंडा, गुलाबपाणी, तिळगूळ घेऊन उभ्या. बायका येत होत्या, भरजरी लुगडी नेसून, लग्नाला आल्यासारख्या. तेवढ्यात रस्त्याच्या कडेकडेनं अक्का येताना दिसल्या, आणि त्यांच्यामागं फिकट लुगड्यांची ती रांग, सगळ्या एकमेकींचा हात धरून. जाऊबाईंनी करंडा मिटला आणि पिशवीत टाकला. पाठोपाठ राजूबाई आल्या, जनवाड्याच्या बागाईतदाराच्या घरच्या, आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत जास्त बांगड्यांच्या मालकीण. त्यांचं कपाळ पुढं आलेलं तसंच राहिलं.

"कुंकवाचं आवतन दिलीस आन् दारात कुंकू न्हाई?"

"तिळगूळ घ्या राजूबाई," जाऊबाई म्हणाल्या, "आन् गोड बोला."

राजूबाई फणकाऱ्यानं आत गेल्या. अक्का शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या. मी मुद्दाम शेजारी बसले. मधल्या वाटेपलीकडं गडीमाणसं, आणि वीरभद्रप्पा पुन्हा पुन्हा मान वळवून बायकांच्या रांगा बघत होते.

पडदा सरकला. मंचावर एकटीच बाई. अंगावर पांढरे साधे सुती कपडे. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात काचेचं कंकणसुद्धा नाही. गाणं नाही. ती नुसती उभी होती. बायकांत कुजबूज सुरू झाली आणि रांगांमागून रांगा सरकत शेवटपर्यंत आली.

"विधवा हाय का काय ही?"

"अगं माय! विधवाच की!"

राजूबाईंनी मान वळवून मागं पाहिलं. मला त्यांचा राग आला, पण त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, नुसता गोंधळ होता. अक्कांनी माझा दंड धरला. मंचावरची बाई हलली. आधी एक हात, मग खांदा, मग सगळी. ती पडली, उठली, पळाली, गोल फिरली, आणि कुठूनतरी ढोलकावर ठेका सुरू झाला. तिला कशाचीच लाज वाटत नव्हती. मला त्यातलं फारसं कळलं नाही, खोटं कशाला बोलू. पण सबंध सभागृहात एक शिट्टी वाजली नाही.

"टाच आधी टेकती," अक्का माझ्या कानात म्हणाल्या. "मी म्हणलं नव्हतं?"

मी खाली पाहिलं. त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि लुगड्याच्या काठाखाली त्यांचे पाय हलत होते.

घरी जाताना अक्कांचं तोंड थांबेना. "कुणाच्या घरची असंल गं? सासरच्यांनी कसं येऊ दिलं असंल? एवढ्या गावापुढं, आन् मान वर करून!" जाऊबाई भरभर पुढं चालत राहिल्या. त्यांनीच त्या बाईला बसवरून आणलं होतं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, नवरा बँकेत होता आणि मुलगी तिसरीत. हे अक्कांना सांगायची त्यांची छाती होईना. त्यात सकाळी ती बाई आमच्याकडंच नाश्त्याला येणार होती. त्या संध्याकाळी अक्कांना जे मिळालं होतं ते आता हिसकावून घेतलं जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. 

ती आली. निळी साडी, हातभर हिरव्या बांगड्या आणि ते कुंकू. अक्का ताटलीत चुरमुऱ्याचा सुशीला घेऊन बाहेर आल्या, वर शेंगदाणे भरपूर. तिच्याकडं पाहिलं आणि ताटली हातातच राहिली. मी आणि जाऊबाई जमिनीकडं बघत बसलो.

"तू कालचीच का?" अक्कांनी कानडीत विचारलं.

"हो अक्का."

"मग काल कपाळ मोकळं कशानं?"

ती हसली. "घामानं ओघळतं. आणि नाचताना मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. म्हणून सगळं काढून ठेवते."

अक्कांनी ताटली तिच्यापुढं ठेवली. आत गेल्या. आत भांडं वाजलं नाही, पाणी सांडलं नाही, काहीच नाही. मी उठणार तोच चहाचा पेला घेऊन त्या परत आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. पाहुण्यांसमोर असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तू घडीभर पुसलीस तर एवढं नाचलीस," त्या म्हणाल्या. "माझं तर कवाचंच पुसलंय. मग मी कामून बसून हाय गं?"

हे मराठीत म्हणाल्या. त्या बाईला कळलं नसेल. आम्हाला कळलं, आणि जाऊबाई मास्तरीण असूनही हुंदके देऊन रडल्या.

पुढचे तिन्ही कार्यक्रम होणार, असं वीरभद्रप्पांनी त्याच दुपारी कळवलं. माघाच्या नाचाचं आवतन कुणी द्यायचं ते अक्कांनी कुणाला विचारलं नाही. "धाकटे, चल," म्हणाल्या, आणि सरळ राजूबाईंच्या पुढच्या दारी जाऊन कडी वाजवली. सवाष्णीच्या दारी, संक्रांतीच्या दिवसांत. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली.

राजूबाईंनी दार उघडलं.

"हैदराबादचा नाच हाय माघात. आवतन द्यायला आलेय," अक्का म्हणाल्या.

आवतन हा शब्द कानावर पडला आणि राजूबाईंनी सवयीनं डोळे मिटून कपाळ पुढं केलं. अक्कांचे दोन्ही हात मोकळे. राजूबाईंनी डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं, आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या. मागं घेता येईना, पुढं करता येईना. 

आणि अक्का हसल्या. अशा खळाळून, की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. त्यांनी राजूबाईंचं मनगट धरलं, बांगड्यांसकट, आणि ओढलं.

"अहो अक्का, नाच माघात हाय न्हवं!" राजूबाई म्हणाल्या. "सोडा की हात, दार तर लावू द्या." त्याही हसायला लागल्या होत्या.

अक्कांनी हात सोडला नाही. दार मी लावलं.