साइटवर ओसाड

"साइट काय म्हणते?"

तुंगार्लीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांचा हा ठरलेला प्रश्न. गावात म्हातारेच उरलेत, असं कुणी म्हटलं की त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर यायचा आणि मोबाइल उघडायचा. मावळातल्या कुठल्या गावात किती बायका, किती पोरं, शिकलेले किती, सगळं ते जनगणनेच्या सरकारी साइटवरून उतरवून घेत आणि मागेल त्याला, न मागेल त्यालाही पाठवत. "फुकट आहे हो, घ्या की!" तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, फक्त ते सुविचार पाठवत असतील.

मी कामांची यादी करणारी बाई. आमच्या महिला मंडळाला टाकव्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीसाठी अंगणवाडी मागायची होती. गावच्या अंगणवाडीच्या वाटेत ओढा असल्याने तिथली पोरं पावसाळाभर घरीच बसत. अर्जाला लोकसंख्या जोडायची, म्हणून ते काम काकांना दिलं.

"वाडी सापडली," ते संध्याकाळी म्हणाले. "ओसाड आहे."

"अहो, तिथली मावशी पावसाळ्यात आपल्याकडे रानभाजी विकते!"

"विकत असेल. साइटवर माणूस नाही."

खात्री करायला माघात ते स्वतः वाडीवर चढून गेले. सगळी दारं बंद, साधी कोंबडीसुद्धा नाही. परतले ते निवडून आल्यासारखे. "बघा! साइट खोटं बोलत नाही."

अर्ज माझ्या यादीत तसाच राहिला.

पावसाळ्यात मावशी टाकळ्याची भाजी घेऊन आली. काकांनी कुंपणावरूनच विचारलं, "मावशी, तुमच्या वाडीत कुणी राहत नाही म्हणे?"

"या बया! मंग मी काय भूत हाय, आबा?"

"मी येऊन गेलो. सगळं बंद होतं."

"दिवाळीपास्नं आमी समदी वीटभट्टीवं. पाऊस लागला का घरी."

"मग भट्टीवर तुमची मोजणी झाली असेल."

"तितं इटा मोजत्यात, आबा."

काकांनी मोबाइल काढला, भट्टीचं गाव शोधलं, बराच वेळ बोट वरखाली केलं. तिथेही ही माणसं सापडेनात, तेव्हा तो खिशात ठेवला. मग आमच्या गल्लीकडे पाहिलं. सगळे शनिवारी उघडणारे बंगले.

"आपणही ओसाडच की," ते म्हणाले. "फक्त आपल्याकडे डांबर आहे."

त्यानंतर ते वाडीवर जातच राहिले. सांगणं एकच: मोजणी माघातच होते, त्या वर्षी घरटी एक माणूस मागे ठेवा, दार उघडं ठेवा.

"आन् मागं ऱ्हायलेल्याच्या पोटाचं काय, आबा?"

"तांदूळ माझे."

मोजणीआधीच्या दिवाळीत त्यांनी टेम्पोने तांदूळ पोचवले. थंडीत एका सकाळी काका उठलेच नाहीत. मुलगी पुण्याहून आली, सगळं आटोपून बंगल्याला कुलूप लावून गेली.

मग मोजणी आली. आमच्या गल्लीत आलेल्या शिक्षिका काकांच्या फाटकाशी थांबल्या. "इथे कोणी राहतं?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मोबाइलवर 'बंद' अशी नोंद केली.

भाजीच्या दिवसांत मावशी आली ती थेट त्यांच्या फाटकाशी. डोक्यावर पाटी तशीच.

"आबा! आवो आबा! मास्तर आलता! येकबी दार बंद न्हवतं बगा. आता पोरांची अंगनवाडी व्हनार न्हवं?"

कुलूप तिला अजून दिसलं नव्हतं.