एइनोच्या रायफलचा चाप

केर्तूच्या मांडीवर रानातल्या लाल लिंगोनबेऱ्यांचं तसराळं होतं. पानं-काड्या वेचून निम्म्याच झाल्या होत्या, तेवढ्यात जावई आला. वेइक्कोनं बूट दारातच काढले आणि तो सरळ कपाटाकडे वळला.

"आई, उद्यापासून मूस हरणांची शिकार सुरू. बाबांची रायफल नुसती पडून आहे. नीट पारखतो, चांगली निघाली तर मीच घेतो."

"बघ बाबा." नवऱ्याला, एइनोला, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची वस्तू घरातच राहील, या विचारानं केर्तूला बरं वाटलं. तिनं पिठाच्या खणातून रायफलचा बोल्ट काढून दिला; त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही. रायफल एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे, ही इथली घराघरातली रीत. एइनो गेल्यावरही तिनं ती मोडली नव्हती.

वेइक्कोनं आधी बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर ताडून पाहिला. "एकच! म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे." मग नळी खिडकीच्या उजेडात धरून आत डोकावला. "आरसा आहे नुसता." नळी आणि लाकूड यांच्या फटीतून त्यानं कागदाची पट्टी फिरवली. ती कुठंच अडली नाही. लाकूड फुगलेलं नव्हतं. मग बोल्ट बसवून त्यानं चापाला बोट लावलं, तर लावताक्षणी आवाज झाला. "अरे वा! फुंकरीनं सुटेल हो हा! कारखाना असा हलका चाप देतच नाही. बाबांचे हात सोन्याचे. खरी किंमत इथं आहे, आई."

केर्तूची बोटं बेऱ्यांत थांबली. थंडीत बोटं बधिर होतात, चाप जड लागतो, म्हणून एइनो याच टेबलावर कानस घेऊन तो घासत बसला होता. त्याच हंगामात शेजारच्या तोइवोचा कुत्रा जंगलात गोळी लागून मेला. गोळी कुणाची, ते कळलंच नाही. त्या दिवशी एइनो घरी आला, सूपला शिवला नाही. रायफल कपाटात ठेवली आणि म्हणाला, "गुडघे गेले माझे." पुन्हा तो शिकारीला गेला नाही. तिनंही गुडघ्यांना मलम चोळलं आणि देवाचे आभार मानले.

"वेइक्को, दस्ता जमिनीवर आपटून पाहिलास? धक्क्यानं चाप सुटत नाही ना?"

"तेच राहिलंय." रिकाम्या रायफलचा बोल्ट मागे ओढून पुन्हा बंद करत त्यानं चाप ताणला आणि रायफल उभी धरून खालचा लाकडी दस्ता चिंध्यांच्या सतरंजीवर आपटला. काही झालं नाही. पुन्हा आपटला. "पाहिलंत?" तिसऱ्यांदा जरा हसतच आपटला.

खट्.

चापाला कुणाचं बोट नव्हतं.

"तेल सुकलं असेल," वेइक्को म्हणाला.

"असाच तो कुत्रा मेला असेल."

"झालं! जरा खुट्ट झालं की तुम्ही लागलात देवाचा धावा करायला. सेफ्टी लावून ठेवीन ना मी."

"सेफ्टी काढशील तेव्हा? उद्या कुत्रा घेऊन झाडीतून तुझ्या समोर कोण येणार आहे?"

"रायली. बायको आहे ती माझी, आई. मला तिची काळजी नाही होय? आणि टोळीत पहिल्यांदा उभा राहतोय, उसनी रायफल मागून हसं करून घेऊ?"

सवयीनं त्यानं बोल्ट काढून टेबलावर ठेवला आणि रायफल खोळीत घातली. "गाडीत ठेवून येतो. कॉफी ओता."

दार लागलं. केर्तूनं डोळे मिटले. "देवा, माझी पोर," एवढंच तिच्या ओठांवर आलं. मग तिनं बोल्ट एप्रनच्या खिशात टाकला, डोक्याला रुमाल बांधला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. दलदलीवरच्या फळ्यांवर दहिवर गोठलेलं होतं. पलीकडची झाडी आताच काळी दिसू लागली होती.

मागून हाक आली. "आई? बोल्ट कुठं ठेवलात?" मग आणखी जवळून, वेगळ्याच आवाजात, "आई!"

तिनं वळून पाहिलं नाही. तिला तोइवोकडे जायचं होतं. शिकारीच्या टोळीचा म्होरक्या तोच होता आणि मेलेला कुत्राही त्याचाच. बोल्ट त्याच्या हातात द्यायचा आणि एइनोनं घासलेल्या चापाचं, त्या कुत्र्याचं सगळं सांगायचं.