बिबिंकेच्या वरचा विस्तव

गेल्या डिसेंबरात माझ्या लोणच्याच्या बरणीत तीन आठवडे अंडी मुरत होती. मिठाच्या पाण्यात, कवचासकट, डझनभर. दुपारी घर सामसूम झालं की मी बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडून आत डोकावायची. अंडी जिथल्या तिथं. तरी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

अंडी माझ्या नातसुनेची. नातू दुबईला नोकरीला होता, तिथं ती नर्स होती. लग्न करून दोघं कोल्हापूरला आले आणि तो शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला. पोरगी फिलिपिन्सची. मराठी माझ्याकडूनच शिकली, त्यामुळं तिला 'नाही' ठाऊकच नाही, 'न्हाय' ठाऊक.

तिच्या गावात नाताळच्या आधी नऊ दिवस लोक पहाटे चर्चला जातात आणि बाहेर पडलं की दारातच गरम बिबिंका खातात. तांदूळ, नारळाचं दूध, अंडी, साखर यांचा केकच म्हणा, पण केळीच्या पानावर भाजलेला. वर लोणी, ओलं खोबरं आणि खारवलेल्या अंड्याच्या चकत्या. गोडावर खारं अंडं! मी तीनदा विचारलं, "गोडावरच ना गं?"

"व्हय की, आज्जी."

त्या चर्चच्या दारात तिची आई जन्मभर बिबिंका विकत आलेली. गेल्या वर्षी आईचे गुडघे गेले आणि पहिल्यांदाच तिची चूल पेटणार नव्हती. म्हणून पोरीनं मनाशी धरलं होतं की नाताळच्या सकाळी फोनवर आईला इथं केलेली बिबिंका दाखवायची, आणि आईनं ती पसंत करायची.

मी म्हटलं, "आईच ती. कशी का होईना, चांगलीच म्हणंल."

"आई खोटं बोलत न्हाय," ती म्हणाली.

पहिली तिनं विजेच्या ओव्हनमध्ये केली. फुगली बरी, पण वरून आजाऱ्याच्या तोंडासारखी पांढरी. एक घास खाऊन तिनं ताटली सरकवली. "हे न्हाय."

मग मी नाक खुपसलं. "तांदूळ कुठला घेतलास?"

"दुकानातला."

आता परमुलखाच्या विहिणीला दाखवायचं पक्वान्न आणि तांदूळ दुकानातला? आमच्याकडं पावण्यांसमोर मांडायचा तो आजऱ्याचा घनसाळ. मी डब्यातला जपून ठेवलेला घनसाळ काढला, भिजवला, वाटून दिला. ओव्हन उघडला तसा गल्लीभर वास सुटला. नातवानं तीन तुकडे हाणले. नातसुनेनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "लई छान, आज्जी."

तिथंच मला शंका आली. माझ्या पिठल्याला तोंडावर 'न्हाय' म्हणणारी पोरगी 'लई छान' म्हणते म्हणजे काहीतरी फार बिघडलंय.

"खरं सांग."

तिनं खाली बघितलं. "सगळा भाताचा वास. नारळाचा न्हाय."

माझ्या घनसाळानं तिचा नारळ गिळून टाकला होता. मी मुकाट्यानं दुकानातले तांदूळ भिजत घातले आणि विचारलं, "तुझी आई भाजती कशावर?"

तिनं कॅलेंडरच्या मागं चित्र काढलं. मातीचं भांडं, त्यात केळीचं पान, खाली विस्तव. मग भांड्यावर झाकण रेखलं आणि झाकणावरही विस्तव काढला.

मी त्या चित्राकडं बघतच बसले. हे मी बघितलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात माझी आई हळदीच्या पानात तांदळाच्या पिठाची पानगी अशीच भाजायची, खाली निखारे, झाकणावर निखारे. नवी नवरी म्हणून मी कोल्हापुरात आले तेव्हा सासूबाईंनी मायेनं विचारलं होतं, "तुमच्यात गोडधोड काय करत्यात?" आणि त्या एकोणीस वर्षांच्या शहाण्या बाईनं, म्हणजे मीच, नाक वर करून सांगितलं होतं, "आमच्याकडं केक असतो."

पानगी म्हटलं तर खेडवळ समजतील, ही भीती. केक तोवर मी फक्त बेकरीच्या काचेतून बघितला होता. सासूबाई खूष! म्हणाल्या, "मग कर की एकदा." मी मैदा, साखर, डालडा कालवला आणि वाळू घातलेल्या पातेल्यात ठेवून दिला. सोडा घालायचा असतो हे कुणाला ठाऊक? जे निघालं ते सासऱ्यांनी हातात घेऊन वजन केलं आणि मागच्या दाराला अडण म्हणून लावलं. चार दिवस दार हललं नाही. त्यानंतर माझ्यासमोर केकचं नाव कुणी काढलं नाही, आणि त्या घरात मी पानगीही कधी केली नाही. कोणत्या तोंडानं करणार?

नातसुनेला यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "मागच्या परड्यात चल." नातवाला सांगून उंच काठाचं लोखंडी झाकण आणवलं, त्याच्यावर निखारे ठरतील असं. पहिलं पान जळून कोळसा झालं. दुसऱ्या वेळी वरचे निखारे कमी केले, तर मध्ये कच्ची. तिसऱ्या वेळी मी हाताचा पंजा झाकणावर धरून आच बघितली, आई बघायची तशी. हाताला बरोब्बर आठवत होतं.

नाताळच्या सकाळी आम्ही तिघं परड्यात, फोन पाण्याच्या पिंपाला टेकवलेला. विहीणबाई खुर्चीत, गुडघ्यावर गोधडीसारखं काहीतरी. त्यांनी बिबिंका आधी वरून बघितली. मग उलटी करायला लावली, पानाचे करपलेले डाग बघितले. मग मोडायला लावली. मी पदर तोंडावर धरून उभी, जशी माझीच परीक्षा!

त्या काहीतरी बोलल्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"काय म्हणत्यात?" मी घाबरून विचारलं.

"म्हणती, अंडं कमी घातलंस. बाकी माझ्यासारखी." तिनं डोळे पुसले. "आणि विचारती, वरचा विस्तव कुणी लावला?"

तिनं फोन माझ्याकडं फिरवला. मी पदर नीट केला. "सांग त्यास्नी, माझ्या आईनं शिकवलंय. आमच्यात पानगी अशीच भाजत्यात."

नातू घास तोंडात धरून थबकला. "आज्जी, तुमच्यात तर केक व्हायचा म्हणं?"

"तो दाराला लावला," मी म्हटलं, आणि नातसुनेनं दुसरी बिबिंका उचलायच्या आत तिची कड मोडून घेतली. गोडावर खारं अंडं. लागतं हो चांगलं.