मधली माणसं कापता येत नाहीत

नव्वदच्या दशकात आमच्या घरात एकच कॅमेरा होता आणि त्याला झूम नव्हता. माणूस मोठा हवा असेल तर आपण पुढे जायचं, लहान हवा असेल तर मागे. मागे जाताना पायरी लागते, एवढं कळलं की छायाचित्रणाचं शिक्षण पूर्ण. कापाकापी करायची ती कात्रीने. चुलतबहिणीचा स्थळांना पाठवायचा फोटो आम्ही एका साखरपुड्याच्या ग्रुप फोटोतून कापून काढला, तेव्हा तिच्या खांद्यावर कोणाचा तरी बांगड्या भरलेला हात राहून गेला. पाहुण्यांनी पहिला प्रश्न शिक्षणाचा विचारला नाही, त्या हाताचा विचारला.

दोन हजार सालानंतर माझा मेहुणा परदेशातून डिजिटल कॅमेरा घेऊन आला आणि कात्रीचे दिवस संपले, असं त्याने आमच्या इंदिरानगरच्या घरात जाहीर केलं. कॅमेऱ्यावर झूमचा मोठा आकडा छापलेला होता. मेहुणा तो आकडा कॉलेजात मिळालेल्या मार्कांसारखा सांगायचा.

"दाजी, समोरच्या गच्चीवरच्या बाईच्या कपड्यांचे चिमटे मोजून दाखवू?"

"नको," माझी बायको आतून म्हणाली. "आपल्याला इथेच राहायचंय."

त्याच सुमारास काकूला पुरस्कार मिळाला. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. वडील नोकरीसाठी नाशिक शहरात आले, काका-काकू मखमलाबादच्या बाजूच्या मळ्यातच राहिले. काका टोमॅटो आणि कोबी करायचे. काकूने विहिरीजवळच्या तुकड्यात हट्टाने गुलाब लावले होते. ते चांगले आले, आणि नाशकातल्या एका संस्थेने तिला आदर्श महिला शेतकरी ठरवलं. आदर्श ठरल्यावर काकूला रस्त्याकडचं वावरही गुलाबासाठी हवं झालं. काका त्यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. आमच्याकडे याला विचार करणं म्हणतात.

"कार्यक्रमाला येणार ना काका?" मी विचारलं.

"नाय म्हणत्यात," काकू म्हणाली. "म्हणत्यात, फुलं मी तोडायची, बाजारात मी न्यायची, अन् हार तुला. मग जा की तूच. बाजार सोडून मी नाय येणार." मग जरा हळू म्हणाली, "तू फोटो चांगला काढ, भाऊ. माझं तोंड नीट दिसू दे. भिंतीवर लावला का रोज डोळ्यापुढं राहील. कधी तरी पाघळतील."

म्हणजे रस्त्याकडचं वावर आता त्या फोटोवर अवलंबून होतं. मी मेहुण्याला सोबत घेतलं.

कार्यक्रम मांडवात होता. पुढच्या चार रांगा निमंत्रितांसाठी, त्यामुळे आम्ही पार मागे. व्यासपीठावर सोफे, सोफ्यांवर मान्यवर, आणि मान्यवरांमागे त्याच मान्यवरांचे फोटो असलेला मोठा फलक. खरी माणसं कमी पडली तर वापरता यावीत, अशी सोय असावी. आधी पाहुण्यांनी अध्यक्षांचा सत्कार केला, मग अध्यक्षांनी पाहुण्यांचा. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार झाला. प्रत्येक वेळी संस्थेचा फोटोग्राफर "परत एकदा" म्हणायचा आणि अंगावर घातलेली शाल उतरवून पुन्हा घातली जायची. मेहुणा शेवटच्या रांगेतून झूम लावून सगळं टिपत होता. पाठीमागच्या चिमुकल्या पडद्यावर ते फारच छान दिसत होतं.

"बघा दाजी, अध्यक्षांच्या कानातले केस!"

भाषणं इतकी लांबली की कॅमेराही झोपला. तो आपोआप बंद होतो, हे मेहुण्याला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात काकूचं नाव पुकारलं गेलं आणि पुढच्या रांगेतले एक गृहस्थ नेमके उठून उभे राहिले. मेहुण्याने घाईने कॅमेरा सुरू केला आणि माझ्या हातात कोंबला.

"तुम्ही उंच आहात, काढा, काढा!"

मी हात वर करून बटण दाबलं. काकू उजव्या पायऱ्यांनी नुकतीच वर आली होती, हात जोडून एकटी उभी होती. डावीकडे सोफ्यांची लांबलचक ओळ. मान्यवर नारळ सांभाळत होते.

"अहो, झूम!" मेहुणा कळवळला. "बंद होऊन चालू झाला की झूम पहिल्यावर जातो. मुंगीएवढ्या आल्या काकू!"

त्याने कॅमेरा हिसकावून घेतला आणि पुढचे सगळे फोटो झूम लावून काढले. पण तोवर मान्यवर उठले होते. पुरस्कार देताना व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा एक हात सन्मानचिन्हाला लागलाच पाहिजे, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. काकूच्या ट्रॉफीला इतके हात लागले की ती ट्रॉफी आहे की प्रेत उचलतायत, ते लांबून कळेना. काकू त्या हातांमागे गेली ती फोटोग्राफरचं समाधान होईपर्यंत दिसलीच नाही. संस्थेने पुढे पाठवलेल्या फोटोत तिचा पदर आहे.

दोन-चार दिवसांनी काकू फोटो बघायला आमच्याकडे आली. मेहुण्याने त्याचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. लहान पडद्यावर जे छान होतं, ते मोठ्या पडद्यावर चौकोन चौकोन झालं होतं. काकूचं नाक फरशी बसवल्यासारखं दिसत होतं.

"देवी आल्यावानी दिसतंय," काकू म्हणाली.

"कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असणार," मेहुणा म्हणाला.

"बिघाड नाहीये," बायको म्हणाली. कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिका तिच्या हातात होती. आमच्या घरात ती उघडणारी ती एकटीच. "डिजिटल झूममध्ये भिंग काही पुढे जात नाही. कॅमेरा फोटोचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. तू समजत होतास जवळ गेलास. तू फक्त बाकीचं फेकून देत होतास."

"मग नंतर कापलं तरी तेच की, ताई!"

"तेच. फक्त काय फेकतोय ते बघून फेकता येतं."

मेहुण्याने माऊस तिच्याकडे सरकवला. तिने माझा एकुलता एक फोटो उघडला. काकू लहान होती, पण होती. जोडलेले हात, कपाळावरचं कुंकू, जरासं बावरलेलं हसू. बायकोने तिच्याभोवती माऊसने चौकट ओढायला घेतली.

"हे सोफे जाऊ देत," ती म्हणाली. "काकू तेवढ्या ठेवू."

"थांब," काकू म्हणाली. ती खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावेल इतकी पुढे झाली होती. "त्यो कोण हाय?"

फोटोच्या अगदी डाव्या कडेला, मांडवाच्या खांबाशी एक माणूस उभा होता. टोपी, पांढरा शर्ट, काखेत घडी केलेलं गोणपाट. तोंड व्यासपीठाकडे, त्यामुळे फक्त बाजू दिसत होती. तो टाळ्या वाजवत होता. काखेतलं गोणपाट पडू नये म्हणून कोपरं अंगाशी दाबून, तळवे तेवढे हलवत.

"काका?" मी म्हणालो.

"ह्यो लग्नातला शर्ट," काकू म्हणाली. "सकाळी तर जुनाच घालून गेले व्हते. म्हंजी पिशवीत घालून नेला! परवा धुण्यात निघाला तवा मी इचारलं, आं, कुनाचं लगीन व्हतं? तर म्हणत्यात, पेटीत वास येत व्हता." ती परत खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसलं. मग एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात बायकोला म्हणाली, "आम्ही दोघं ठेव, सूनबाई. ही मधली माणसं काढून टाक."

"मधली नाही काढता येत, काकू. कडेचंच कापता येतं."

"असं कसं? कामाची माणसं कडेला, अन् तीच तेवढी कापता येत्यात?"

बायकोने वरून फलक कापला, खालून प्रेक्षकांची डोकी कापली. उरली एक लांब, अरुंद पट्टी. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला काकू, मध्ये नारळवाले मान्यवर. या मापाची फ्रेम कुठे मिळेना. शेवटी मुद्दाम बनवून घेतली आणि मळ्यातल्या घरात, भिंतीवर मावेना म्हणून, दारावर लावली. तिथे दसऱ्याला झेंडूचं तोरण लागतं.

लावायला मीच गेलो होतो. काका बाजारातून आले, चपला काढताना वर बघितलं आणि एकच चप्पल काढून उभे राहिले.

"येवढी माणसं कशाला ठेवली?" ते म्हणाले. "कापायची व्हती."

"कापली असती तर तुम्ही गेला असता," काकू चुलीकडून म्हणाली.

काकांनी दुसरी चप्पल काढली नाही. पहिली पुन्हा पायात घातली आणि बाहेर गेले. काकूने माझ्याकडे बघितलं, मी फ्रेमकडे. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने तव्याकडे वळून बघितलं नाही.

थोड्या वेळाने काका रस्त्याकडच्या वावरातून परत आले. पायाला माती होती. दारात, फोटोखालीच उभे राहून त्यांनी विचारलं, "गुलाबाला सऱ्या उभ्या घेत्यात का आडव्या?"

"आडव्या," काकू म्हणाली. "पाणी कुठून येतंय बघा की जरा."

"ते मला शिकवू नको," काका म्हणाले, आणि जेवायला बसले.